मागची बाजू सटकते? एमएक्स-५चे सस्पेन्शन लावताना या चुका टाळा

माझदा एमएक्स-५च्या पहिल्या दोन पिढ्यांतील, म्हणजे १९८९ ते २००५ या काळातील गाडीची मागची बाजू वळणात सटकू लागली, की पुष्कळ मालक आधी मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंची चाके जोडणारी दांडी) विकत घेतात. माझ्या मते सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण बार जाड केला की वळणात बाहेरच्या मागच्या टायरवर आणखी भार जातो, मागची एकूण पकड घटते आणि मूळ तक्रार वाढते.

आधी टो, म्हणजे वरून पाहता चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन, मोजावा. मागच्या चाकांना थोडा टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत) हवाच. टो-आउट (पुढच्या कडा बाहेर) झाला की ॲक्सिलरेटर सोडताच गाडी अस्थिर होते. १४ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत १ मिमी फरक पडला, तर तो सुमारे १० मिनिटांचा (अंशाच्या साठाव्या भागाला मिनिट म्हणतात) कोन होतो, त्यामुळे नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. या गाडीत मागच्या खालच्या आर्मला (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याला) आतल्या बाजूने दोन कॅम बोल्ट, म्हणजे फिरवले की आर्म सरकवणारे बोल्ट, असतात. दोन्ही सारखे सरकवले की मुख्यतः कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा कल) बदलतो, उलटसुलट सरकवले की टो. एकच बोल्ट फिरवून टो 'जमवला' की कॅम्बरही हलतो, आणि ही गोष्ट अलाइनमेंटच्या दुकानातही अनेकदा नजरेआड होते.

इंग्लंडसारख्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथे हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातील रबरी तुकड्याच्या) लोखंडी नळीत गंजून बसतात. अशा वेळी जोर लावून पाना फिरवला, तर नळीसह रबर पिळले जाते. बोल्ट आधी मोकळा करावा, नाही तर सरळ कापून नवा घालावा.

बुश बदलल्यावर गाडी जॅकवर लोंबकळत असतानाच बोल्ट घट्ट आवळणे ही चूक मी स्वतः केली आहे. गाडी खाली उतरवली तेव्हा मागची बाजू वर राहिली, कारण प्रत्येक बुशचे रबर आधीच पिळलेले होते. चाकांवर वजन आल्यानंतरच बोल्ट शेवटचे घट्ट आवळावेत.

गाडीची उंची मुद्दाम कमी केलेली असेल, तर शॉक ॲबसॉर्बरच्या दांड्याला एक प्लास्टिकचा केबल टाय बांधून नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारावी. टाय बंप स्टॉपपर्यंत (शॉक पूर्ण दबू नये म्हणून बसवलेल्या रबरी अडथळ्यापर्यंत) सरकलेला दिसला, तर वळणात तेथे स्प्रिंगची ताठरता एकदम वाढते आणि टायर पकड सोडतो. हा दोष टो-कॅम्बर कितीही नीट लावले तरी जात नाही, गाडीची उंचीच वाढवावी लागते.

उंची ठरली, बुश बसले, चालकाच्या सीटवर चालकाएवढे वजन ठेवले, की मगच अलाइनमेंट करावे, आणि तेही आधी मागचे व नंतर पुढचे, कारण गाडी सरळ कोणत्या दिशेने जाणार हे मागची चाके ठरवतात. उलट क्रमाने केले, तर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडे धरावे लागते.