फीका, वॉल्ट्झ आणि लाल-पांढरा दोरा: युरोपचं वर्ष घरबसल्या कसं साजरं करावं

युरोप म्हणजे जणू एकच देश, अशा थाटात आपण बोलतो आणि तिथेच गंमत जाते. भिंतीवर आयफेल टॉवर, ताटात पिझ्झा, डिसेंबरात प्लास्टिकचं झाड. हे झालं दुकानातलं युरोप. तिथल्या माणसांचं वर्ष आपल्यासारखंच सणवार आणि घरच्या रीतींनी बांधलेलं असतं. म्हणून एका वेळी एकाच देशाची एकच रीत धरा आणि ती तिच्याच दिवशी, तिच्याच वेळेला करा. वर्षाला तीन-चार झाल्या तरी पुष्कळ. मी करते त्या सांगते.

1. आधी कालनिर्णय आणि घड्याळ

भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनाने तीन खुणा करा: 4 ऑक्टोबर, 1 जानेवारी, 1 मार्च. मग घड्याळ. व्हिएन्ना, स्टॉकहोम, ॲमस्टरडॅम हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं सरकवतात. एप्रिलमधल्या एका ऑनलाइन मैफलीला मी साडेचारचाच हिशेब धरला. पोचले तेव्हा टाळ्या चालू होत्या, शेवटच्या.

2. ऑक्टोबर: स्वीडनची फीका

‘आज आपण फीका करू’ म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘म्हणजे साखर कमी घालायची?’ तसं नाही. फीका म्हणजे कॉफी, सोबत काहीतरी गोड आणि हातातलं काम बाजूला ठेवून बसणं. कॉफीला जुन्या स्वीडिशमध्ये ‘काफी’ म्हणत, त्यातली अक्षरं उलटवून हा शब्द झाला. गंमत म्हणजे याच देशात 1756 मध्ये कॉफीवर बंदी आली होती, आणि पुढेही ती अनेकदा येत-जात राहिली. आज तिथल्या कित्येक कचेऱ्यांत सकाळी दहाच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास सगळे उठून एकत्र बसतात. आपल्या टपरीवरच्या चहासारखंच, फक्त बसून.

4 ऑक्टोबर हा तिथे 1999 पासून दालचिनी-बनचा दिवस आहे. हे बन आपल्या स्वयंपाकघराला अजिबात परके नाहीत, कारण स्वीडिश लोक पिठात सढळ हाताने वेलदोडा घालतात.

साधारण 16 बनसाठी: 250 मिली कोमट दुधात 7 ग्रॅम कोरडं यीस्ट आणि चमचाभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, पुढे जाऊ नका. फेस आला की 430 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ आणि दीड चमचा वेलदोड्याचे दाणे घाला. वेलदोडा विकतची पूड नको, खलबत्त्यात जाडसर कुटलेला हवा. दाताखाली कण आला पाहिजे. 75 ग्रॅम मऊ लोणी घालून दहा मिनिटं चांगलं तिंबा. पीठ आधी हाताला चिकटेल, मैदा ओतत बसू नका, तिंबता तिंबता सुटतं.

स्वीडिश पाककृती एक तास फुगायला सांगते. ऑक्टोबर हीटमध्ये पुण्यात ते चाळीस मिनिटांत दुप्पट होतं. पहिल्या वर्षी मी कागदावरचा तास पाळला आणि भांड्याबाहेर आलेल्या आंबूस पिठाचे बन खाल्ले. घड्याळ बघू नका, पीठ बघा. बोट रोवल्यावर खळगा हळूहळू भरून आला तर झालं.

ओट्यावर मोठा आयत लाटा. 75 ग्रॅम मऊ लोणी, 60 ग्रॅम साखर, मोठा चमचाभर दालचिनी पूड कालवून सगळीकडे लावा. आळूवडीच्या उंड्यासारखी घट्ट गुंडाळी करा आणि सुरीने दोन बोटं रुंदीचे तुकडे पाडा. अर्धा तास फुगू द्या, वरून दूध किंवा फेटलेलं अंडं लावा. तिथे यावर मोत्यासारखी जाड साखर पेरतात. इथे ती शोधण्यात वेळ घालवू नका, खडीसाखर बत्त्याने भरड फोडा. ओव्हनमध्ये 220 अंशांवर दहा-बारा मिनिटं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, म्हणून 200 ठेवा आणि आठव्या मिनिटापासून काचेसमोरून हलू नका.

कॉफी फिल्टरची, शक्यतो दुधाशिवाय. आमच्या घरी दूध पडतंच, त्यावर मी वाद घालत नाही. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत. उरलेले बन डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका, पुढच्या रविवारची सोय होते.

3. जानेवारी: व्हिएन्नाची दुपार

1 जानेवारीला सकाळी सव्वा अकराला व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन इमारतीतल्या सोनेरी सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची नववर्ष मैफल सुरू होते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे पावणेचार, म्हणजे वामकुक्षी उरकून चहाच्या वेळेला. तिथली तिकिटं सोडत काढून देतात, आपल्याला ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक रेडिओच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येते. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ही मैफल पाच वेळा चालवली आहे: 1990, 1995, 1998, 2007 आणि 2015.

पाश्चात्त्य संगीत कळत नाही म्हणून बिचकू नका. शेवट ओळखता आला की झालं. धाकट्या योहान स्ट्राउसचा ‘ब्लू डॅन्यूब’ हा वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाचं संगीत, हळूच सुरू होतो, श्रोते मुद्दाम टाळ्या वाजवून तो थांबवतात, वादक ‘प्रोझिट नॉययार’ म्हणून शुभेच्छा देतात आणि वॉल्ट्झ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यानंतर थोरल्या स्ट्राउसचा ‘राडेट्स्की मार्च’. यात श्रोत्यांनी ठेका धरायचा, पण संगीतसंचालक हात खाली करून खुणावेल तेव्हा हलका आणि वर उचलेल तेव्हा जोरात. भजनात टाळ वाजवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माझे मामा पहिल्याच वर्षी बरोबर समेवर होते.

4. पावसाळा: एक चित्र, एक आठवडा

हे पटकन सांगते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरून चित्रं मोफत उतरवून घेता येतात. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चं तर 717 गिगापिक्सेलचं, म्हणजे 717 अब्ज ठिपक्यांचं, छायाचित्र 2022 मध्ये खुलं झालं, रंगाच्या भेगासुद्धा दिसतात. पन्नास चित्रं भराभर सरकवू नका. एकच घ्या, आठवडाभर रोज पाच मिनिटं बघा.

लांबून आस्वाद घेण्यात कमीपणा वाटत असेल तर रेम्ब्रांटचीच गोष्ट ऐका. हा माणूस भारतात कधी आला नाही. पण डच जहाजांतून ॲमस्टरडॅमला पोचलेली मुघल लघुचित्रं त्याला बघायला मिळाली आणि 1656 ते 1661 च्या सुमारास त्याने त्यांवरून रेखाटनं केली. त्याच काळात डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत.

5. मार्च: बल्गेरियाचा दोरा

ही सगळ्यात स्वस्त रीत, आणि माझी लाडकी. 1 मार्चला बल्गेरियात लोक एकमेकांच्या मनगटावर लाल आणि पांढऱ्या धाग्यांचा पीळ बांधतात. त्याला मार्तेनित्सा म्हणतात. मार्च महिना म्हणजे लहरी स्वभावाची ‘बाबा मार्ता’, मार्ता आजी, तिने लवकर ऊन पाडावं म्हणून हे. रोमानिया, मोल्दोवा, उत्तर मॅसिडोनियातही अशी प्रथा आहे आणि 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत ती या चारही देशांच्या नावाने गेली.

लाल आणि पांढरी लोकर प्रत्येकी दोन हात घ्या. दोन्ही एकत्र धरून एक टोक दुसऱ्या कुणाला धरायला द्या, पीळ भरा, मधोमध दुमडा, तो आपोआप गुंडाळला जातो. टोकांना गाठ मारा. स्वतःचा स्वतः बांधायचा नाही, दुसऱ्याने बांधायचा. मग करकोचा, पाकोळी किंवा बहरलेलं झाड दिसेपर्यंत हातावर ठेवायचा आणि दिसलं की झाडाच्या फांदीला बांधायचा.

इथे अडचण येते. आपल्याकडे 1 मार्चला पळस-पांगारा आधीच फुललेले, म्हणजे दोरा संध्याकाळी उतरायचा. म्हणून मी बहावा ठरवला. गेल्या वर्षी सोसायटीच्या फाटकाजवळचा बहावा एप्रिलच्या शेवटी पिवळा झाला, तोवर लोकरीचा लाल रंग पार विटला होता. स्टूल आणून फांदीला दोरा बांधत होते तर वॉचमनकाका जवळ आले.

‘ताई, वटपौर्णिमा तर जूनमध्ये. हे कुठलं व्रत?’

‘बल्गेरियाचं.’

त्यांनी मान डोलावली आणि स्टूल धरलं.