लॉक उतरताना बोटीची मागची बाजू सांभाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट (लांब, अरुंद बोट) चालवताना लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली कोठी) चढण्यापेक्षा उतरताना जास्त जपावं लागतं. लॉकच्या वरच्या दरवाजाच्या पायाशी आत आलेला एक उंबरठा असतो, त्याला 'सिल' म्हणतात. लॉक भरलेलं असताना तो दिसतच नाही. पाणी उतरताना सुकाणू त्यावर टेकलं, की मागची बाजू तिथेच अडकते, पुढची खाली जात राहते आणि बघता बघता बोटीत पाणी शिरतं.

काठावर सिलची पांढरी खूण रंगवलेली असते. सुकाणू तिच्या पुढे ठेवा आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत नजर मागेच असू द्या. ७० फुटी बोटीला तर पुढे-मागे जेमतेम जागा उरते, त्यामुळे पुढचं टोक खालच्या दरवाजात अडकत नाही ना, तेही कुणीतरी पाहायला हवं. दोर खुंटाला गाठ मारून बांधू नका. एक वेढा देऊन टोक हातात धरा आणि बोटीबरोबर सैल सोडत जा.

पॅडल (लॉकमध्ये पाणी घेण्या-सोडण्याच्या झडपा) उघडणाऱ्याने विंडलास (त्या फिरवायचा दांडा) घेऊन तिथेच थांबावं, पुढच्या लॉककडे निघू नये. बोट तिरपी होताना दिसली तर आधी खालची पॅडल लगेच बंद करा, मगच वरची हळूहळू उघडा. पाणी चढलं की बोट पुन्हा तरंगते.

इंग्लंडमधल्या डिव्हायझेस गावाजवळच्या केन हिल या चढावर २९ लॉक आहेत. तिथे बाथ शहराकडे उतरताना थकवा आला की लक्ष हटतं, तेव्हा सुकाणूवरचा माणूस मधूनमधून बदला.