रुग्णवाहिका वेळेत आली, तरी उशीर का होतो? या चुका टाळा

काही वर्षं मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर म्हणून ड्यूटी केली. गाडी जोरात पळवून वाचतात ती चार-पाच मिनिटं. त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो तो चाकं थांबलेली असताना. पत्ता सापडत नाही, माणूस माडीवरून खाली कसा आणायचा ते ठरत नाही, पुढच्या दवाखान्यात कोणी कळवलेलंच नसतं. म्हणून या चुका लिहून ठेवतोय. काही नातेवाइकांच्या आहेत, काही आम्हा गाडीवरच्यांच्या.

“मारुतीच्या देवळामागे या”

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. तुमचा फोन घेणारी व्यक्ती पुण्याच्या नियंत्रण कक्षात बसलेली असते, तिला तुमच्या गावचं देऊळ कसं ठाऊक असणार? शिवाय वडगाव किंवा पिंपळगाव नावाची गावं कितीतरी तालुक्यांत आहेत. आधी जिल्हा आणि तालुका सांगा, मग गाव, वस्ती आणि फाट्यावरची ठळक खूण. ज्या नंबरवरून फोन केला तो मोकळा ठेवा, कारण गाडीतला पायलट, म्हणजे आमचा चालक, त्याच नंबरवर रस्ता विचारतो. नेमका तेव्हा तो फोन पाहुण्यांना बातमी कळवण्यात अडकलेला असतो. रात्र असेल तर एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहावं, एवढ्यानेही पुष्कळ वेळ वाचतो.

सगळ्यांना आडवं झोपवणं

स्ट्रेचर आलं की नातेवाईक म्हणतात, झोपवा. पण धाप लागलेल्या हृदयरुग्णाला सपाट झोपवलं की त्याची तगमग वाढते, त्याला पाठीला आधार देऊन बसतंच न्यायचं. दिवस भरत आलेल्या बाईला डाव्या कुशीवर. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, अशाला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. त्याच्या तोंडात पाणी घालू नका. आकडीचा झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. अपघातातल्या माणसाला मात्र हात-पाय धरून उचलू नका. धोका नसेल तर आम्ही येईपर्यंत तो आहे तिथेच राहू दे, मान हलू देऊ नका. आणि स्ट्रेचरचे पट्टे सगळे लावायचे, नुसता छातीवरचा नाही. घाटात ब्रेक लागला की रुग्ण पुढे घसरतो.

ऑक्सिजनचा हिशोब न करता निघणं

ही चूक आमची, आणि मला सर्वांत जास्त छळणारी. एकदा एका रुग्णाला रेफर केल्यावर मी ऑक्सिजन सिलिंडरच्या दाबाचा काटा ‘बरा’ दिसतोय एवढंच पाहून निघालो. वाटेत ट्रक उलटल्यामुळे रस्ता बंद होता, आणि काटा खाली येताना पाहत बसावं लागलं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून सिलिंडर मिळाला म्हणून निभावलं. तेव्हापासून गाडीचं दार लावण्याआधी मी हिशोब करतो.

लहान बी-टाइप सिलिंडर भरलेला असताना काटा साधारण १५० वर असतो आणि आत जवळपास १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. म्हणजे काट्यावरचा आकडा गुणिले दहा, इतके लिटर. आता जव्हारहून नाशिकला निघालात, मास्कवर मिनिटाला १० लिटर चालू आहे आणि प्रवास अडीच तासांचा धरला, तर लागतात १,५०० लिटर. भरलेला सिलिंडर दवाखान्याच्या दारातच संपणार! म्हणून काट्यावरचे शेवटचे २० हिशोबात धरायचेच नाहीत, अपेक्षित वेळेच्या दुप्पट पुरेल इतका साठा घ्यायचा, आणि जोडीचा सिलिंडर भरलेला आहे का हे स्वतः काटा लावून बघायचं. सिलिंडर उघडायची चावी गाडीत आहे का, हेही बघा. चावीवाचून भरलेला सिलिंडर काही कामाचा नाही.

“सगळ्यात जवळ” की “योग्य ठिकाणी”?

दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोबडी वळली, म्हणजे पक्षाघाताची लक्षणं दिसली, तर सीटी स्कॅनची सोय असलेलंच रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांपर्यंतच देतात. म्हणून “सकाळपासून” असं मोघम सांगू नका, माणूस शेवटचा ठणठणीत कधी पाहिला ते घड्याळाप्रमाणे सांगा. सर्पदंशात उलट आहे. प्रतिविष जिथे सर्वांत आधी मिळेल तिथे जा, मोठ्या शहराकडे सुसाट निघू नका. दोरी करकचून बांधू नका, हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाकून सोबत आणा. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर पुढच्या डॉक्टरचा निर्णयच बदलतो.

न कळवता पोहोचणं

रेफर करणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं “पुढील उपचारासाठी” लिहून पाठवू नये. कोणतं औषध किती वाजता दिलं ते लिहा, आणि खाट व व्हेंटिलेटर आहे का हे फोनवर विचारून त्या डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर टाका. नाहीतर रुग्ण आमच्याच स्ट्रेचरवर कॅज्युअल्टीच्या दारात पडून राहतो. तोवर आमची गाडी अडकते आणि पुढच्या फोनला लांबच्या तालुक्यातून दुसरी धाडावी लागते.

रुग्ण सोपवला की स्ट्रेचर पुसा, रिकामा सिलिंडर बदला, सक्शन (घशातला कफ-उलटी ओढून काढणारं यंत्र) चालू करून बघा. ‘गाडी मोकळी’ असं नियंत्रण कक्षाला कळवायचं ते त्यानंतर.