मृगाआधी कुंडीचं भोक बघा

वळवाच्या दोन सरी पडून गेल्या की दरवर्षी तेच फोन सुरू होतात. मिरचीने मान टाकली. टोमॅटो पिवळा पडला. वांगं काल संध्याकाळपर्यंत बरं होतं, आज लोळलंय. रोपवाटिकेत माझी बावीस वर्षं गेली, आणि अजूनही माझा पहिला प्रश्न बदललेला नाही: बुडाला भोक आहे का, आणि त्यातून पाणी येतंय का? बहुतेकांनी ते बघितलेलंच नसतं. खत कोणतं घातलं, फवारणी कधी केली, सगळं पाठ असतं. भोक मात्र कोणी बघत नाही.

७-८ जूनला मृग लागतो. त्याच्या आत एवढं एक काम उरका, बाकी सगळं नंतर.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या चौदा मिरच्या आठवड्यात गेल्या. शेतातली चांगली काळी माती आणून कुंड्या भरल्या होत्या. तीन दिवस झड लागली आणि झाडं कोमेजली. कोमेजली म्हणजे तहान लागली असणार, म्हणून त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पानं पिवळी पडली, म्हणून युरिया टाकला. मग दुकानातून ‘मुळ्यांचं टॉनिक’ म्हणून सहाशे रुपयांची बाटली आली. मी गेलो आणि एक झाड उपटलं, तर मुळी तपकिरी, चिमटीत धरली की साल निघून आत दोरा उरत होता, आणि कुंडीतून गटारासारखा वास येत होता. बाहेरून प्रत्येक लक्षण तहानेचं किंवा उपासमारीचं दिसत होतं. झाडं खरं तर बुडून मेली होती.

मुळीला श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यावर मुळी जगते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळीपर्यंत पोचत नाही, कारण हवेच्या मानाने पाण्यातून तो जवळजवळ दहा हजार पट हळू सरकतो. गुदमरलेल्या मुळीला पाणी उचलता येत नाही. म्हणून चहूबाजूंनी पाणी असूनही पान सुकतं. त्याच साचलेल्या पाण्यात पिथियम आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंचे बीजाणू अक्षरशः पोहत मुळीपर्यंत येतात. रोपं कोलमडणं, मूळकूज, मर, ही बहुतेकदा त्यांचीच करणी. बुरशीनाशक त्यांना थोडं अडवेल, पण पाणी तसंच उभं राहिलं तर पुढच्या सरीला पुन्हा तेच.

ओळखायची एक खूण सांगतो. टोमॅटोला खरी तहान लागली की पान मऊ, लुळं पडतं. पाणी साचलं असेल तर पान देठासकट खाली वळतं, पण हाताला बऱ्यापैकी भरीव लागतं. बोटाने दाबून बघा. शंका असेल तर दोन पेरं बोट मातीत खुपसा. माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी एक थेंबही पाणी घालू नका, झाड कितीही केविलवाणं दिसलं तरी.

माती कोणती

काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र घात करते. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि पोकळ्या बंद होतात. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं. भोकातून धार दिसते म्हणून आपण खूश, आणि मधला गोळा कोरडाच. शेतात तिला खोली असते, भेगा असतात, चर असतात. बारा इंचांच्या कुंडीत यातलं काही नसतं.

पुण्या-मुंबईच्या नर्सरीत पोत्यात ‘लाल माती’ म्हणून जे मिळतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रंग लाल असला तरी पुष्कळदा ती इतकी बारीक असते की चार पाण्यांत थापल्यासारखी बसते. कोकणातली जांभ्याची माती निचऱ्याला चांगली, पण आंबट. चुना वाहून गेलेला असतो आणि लोह-ॲल्युमिनियममुळे स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतं. तिथे कंपोस्ट जास्त घाला. चुना मात्र सामू (मातीचा आंबटपणा, pH) तपासल्याशिवाय घालू नका. मिरची, टोमॅटो, वांग्याला सामू ६ ते ७ च्या आसपास असला की बस.

सगळ्यात बरी म्हणजे नदीकाठची किंवा ओढ्याच्या वळणावरची पोयट्याची माती. ओली करून मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला पाहिजे. गोळाच होत नसेल तर ती नुसती वाळू. टोचूनही फुटत नसेल, त्याची वळी वळता येत असेल, तर ती पावसाळ्यात कुंडीला नको.

माझं पावसाळ्याचं मिश्रण, घमेल्याच्या मापाने:

- पोयटा किंवा चाळलेली लाल माती २ घमेली
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ घमेलं
- विटांचा जाडसर चुरा, चाळलेला बारीक मुरूम किंवा जुनं भाताचं तूस १ घमेलं
- निंबोळी पेंड, १२ इंची कुंडीला १ मूठ

बारीक वाळू नको. चिकणमातीत ती मिसळली की गिलाव्यासारखं घट्ट होतं. कोकोपीट उन्हाळ्यात कामाचं आहे, पण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. पावसात उघड्या गच्चीवर अर्ध्याहून जास्त कोकोपीट भरलेली कुंडी म्हणजे कायम ओला स्पंज. वापरायचंच तर दोनदा धुऊन, पिळून, आणि पाव भागापुरतंच. धुतलं नाही तर त्यातलं मीठ रोपाच्या पानांच्या कडा जाळतं.

शेणखताबद्दल कडक राहा. हाताला थंड, भुसभुशीत आणि शेणाचा वास अजिबात नसलेलं, तेच कुजलेलं. अर्धकच्चं खत कुंडीत तापतं, उरलेला प्राणवायू खातं आणि सोबत हुमणीच्या अळ्या घेऊन येतं. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली एक अळी एका कुंडीतल्या सगळ्या मुळ्या फस्त करते. खत पसरून चाळा, अळ्या वेचा. १०० किलो शेणखताला १ किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ठेवायचं, ही शिफारस मी स्वतः पाळतो.

बुडाला विटांचा थर घालू नका

इथे पुष्कळ जण वाद घालतात, कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की खाली चार बोटं खापरं-विटांचे तुकडे घाला म्हणजे निचरा होतो. मीही तेच करायचो. एका वर्षी साठ टोमॅटोंच्या कुंड्यांना मनापासून जाड थर दिला, आणि जुलैत त्यातल्या निम्म्याहून जास्त गेल्या.

कारण असं की बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब होईपर्यंत ती पाणी धरून ठेवते. प्रत्येक कुंडीच्या बुडाशी असा एक चिंब पट्टा राहतोच. विटांचा थर त्याला घालवत नाही, उचलून मुळ्यांच्या आणखी जवळ आणतो. वर माती तेवढी कमी होते ते वेगळंच.

भोकावर एकच खापर पालथं ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरतं. बाकी कुंडी एकाच मिश्रणाने भरा. उथळ आणि पसरट कुंडीपेक्षा खोल घ्या. मिरचीला १२ इंच, टोमॅटोला १५. चिंब पट्ट्याची उंची दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून उथळ कुंडीत कोरडी जागा जवळजवळ उरतच नाही.

आत्ता, या आठवड्यात

कुंडीत २ लिटर पाणी घाला आणि घड्याळ लावा. एक-दोन मिनिटांत वरचं तळं मुरलं पाहिजे आणि बुडातून पाणी सुरू झालं पाहिजे. हे माझं अनुभवाचं माप आहे, पुस्तकातलं नाही, पण त्याने मला फसवलेलं नाही. नापास झालेल्या कुंड्यांना खडूने खूण करा. नवी लागवड असेल तर माती उपसून मिश्रण बदला. झाड मोठं असेल आणि हलवता येत नसेल तर हे करा:

सळई तापवून प्लास्टिकच्या कुंडीला किंवा ड्रमला बुडाच्या कडेने करंगळीएवढी सहा-आठ भोकं पाडा. ग्रो-बॅगला खालच्या शिवणीजवळ. भोक बुडाच्या पातळीलाच हवं. चार बोटं वर पाडलं तर खालचं पाणी तसंच राहतं.

कुंडी दोन विटांवर उचला. फरशीला चिकटलेल्या कुंडीचं भोक असून नसल्यासारखं. खालच्या थाळ्या दसऱ्यापर्यंत काढून ठेवा.

झड लागली की कुंडी एका बाजूने विटेवर चढवून तिरकी करा. चिंब पट्टा एका कोपऱ्यात गोळा होतो आणि बाकीच्या मुळ्या मोकळ्या होतात. रात्री अकरा वाजता जरी ढग फुटला तरी उठून एवढं करा. माझी कितीतरी झाडं नुसत्या या एका विटेने वाचली आहेत.

भोकातून जुन्या सुती कापडाची पिळलेली वात आत सरकवा, वीतभर बाहेर लोंबू द्या. साचलेलं पाणी वातीवरून ठिबकत राहतं.

परसातल्या जमिनीत लावत असाल तर सपाट वाफा करूच नका, विशेषतः न्हाणीचं पाणी जिथे जातं त्या बाजूला. वीतभर उंच गादीवाफा करा आणि दोन्हीकडून चर काढा. गच्चीच्या पन्हाळीवरची जाळीही साफ करा. पाला अडकला की सगळी गच्ची एक थाळी होते.

मर दिसायला लागलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांबेयुक्त बुरशीनाशक), १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम, बुंध्याशी आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. पण आधी पाणी काढा. ट्रायकोडर्मा आणि तांबेयुक्त औषध एकाच वेळी घालू नका, कारण तांबं ट्रायकोडर्माला मारतं. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.

खत: किती थोडं लागतं ते बघा

बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश (पोटॅश) ही शिफारस. ६० बाय ६० सेंटिमीटरवर लावली तर हेक्टरी साधारण २७,७०० झाडं बसतात. म्हणजे एका झाडाला सगळ्या हंगामात नत्र ३.६ ग्रॅम, युरियाच्या हिशेबात ८ ग्रॅमसुद्धा नाही. सिंगल सुपर फॉस्फेट ११ ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश ३ ग्रॅम. मूठभर युरिया ४०-५० ग्रॅम भरतो, म्हणजे पाच-सहा झाडांचं अख्ख्या हंगामाचं खत. लोक तेवढा एका कुंडीत, एका वेळी, ओल्या मातीत टाकतात.

मी सुपर फॉस्फेट आणि पोटॅश माती भरतानाच मिसळतो. युरिया लागवडीनंतर तीन आठवड्यांनी, एका वेळी १ ग्रॅम, १ लिटर पाण्यात विरघळवून, दर १२-१५ दिवसांनी. त्याऐवजी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ते २ ग्रॅम चालेल. दोन्ही एकदम नको. आणि काहीही देण्याआधी दोन कोरडे दिवस गेलेले असले पाहिजेत. तुंबलेल्या मातीत घातलेलं नत्र बरंचसं वायू होऊन उडून जातं, झाडाला मिळतच नाही. पिवळं पान दिसलं की हात खताच्या डब्याकडे जातो, तो आधी भोकाकडे जाऊ द्या.

जीवामृत (२०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधाची माती) दहापट पाण्यात पातळ करून उघडिपीत द्या. झडीत देऊ नका. माझा अंदाज असा की गुळावर वाढलेले जिवाणू ओल्या कुंडीतला उरलासुरला प्राणवायू संपवतात. प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, पण झडीत जीवामृत घातलेल्या कुंड्या मी आधी मरताना बघितल्या आहेत.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा खोलगट डाग पडला की दुकानदार कॅल्शियमची बाटली पुढे करतो. मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसं असतं. कधी तुंबलेलं, कधी वाळलेलं, अशा हेलकाव्यात ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी सारखं ठेवा. तरी द्यायचंच तर साधं कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम पुरतं.

४५ किलोची युरियाची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते, म्हणूनच तिच्याबरोबर ह्युमिक, सीवीड, ‘रूट मास्टर’ असलं काहीतरी गळ्यात मारलं जातं. शेतकऱ्यांना हे लिंकिंग चांगलंच माहीत आहे. घरी चार कुंड्या लावणाऱ्यालाही तीच बाटली, छोट्या बुचाची आणि दुप्पट भावाची मिळते. साचलेल्या पाण्यावर एकही बाटली चालत नाही. घेऊ नका.

बाकीची कामं:

- रोपं ५-६ आठवड्यांची, पेन्सिलीपेक्षा बारीक खोडाची
- लागवड संध्याकाळी, खोड रोपवाटिकेत होतं तेवढंच खोल (टोमॅटो थोडा खोल चालतो)
- टोमॅटोला काठी लागवडीच्या दिवशीच
- खालची मातीला टेकणारी पानं काढणे
- चुरडा-मुरडा (पानं आकसून वळणं) दिसला तर पानाखाली फुलकिडे, कोळी बघणे, ५ टक्के निंबोळी अर्क फवारणे
- दर पंधरवड्याला वरची दोन बोटं माती खुरप्याने मोकळी करणे
- मातीवर हिरवं शेवाळ आलं तर त्या कुंडीचं भोक त्याच दिवशी तपासणे

रविवारी सकाळी एक तास पुरतो. एक सळई, दोन डझन विटा, जुन्या धोतराची फाडलेली पट्टी. भोकात मातीचा बोळा बसला असेल तर खालून काडी घालून फिरवा. पहिल्या मोठ्या सरीनंतर अर्ध्या तासाने पुन्हा गच्चीवर जा, आणि ज्या कुंडीखालची फरशी कोरडी दिसेल ती आधी उचला.