फ्लास्क सर्व्हरवर चढवताय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत, उद्यमनगरात बसून वेबसाइटी करणारी लई पोरं आता फ्लास्क हे पायथनमधलं वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा) वापरतात आणि ते चांगलंच आहे, फ्रेमवर्क आटोपशीर आहे, ओपन सोर्स आहे, डॉक्युमेंटेशन नीट वाचलं तर हात लवकर बसतो. घोळ पुढं होतो. लॅपटॉपवर पळणारं ॲप सर्व्हरवर चढवायला घेतलं की त्याच त्याच चुका, आणि मदतीसाठी फोन येतो तो गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

फ्लास्कचं व्हर्जन बांधलं, बाकीचं मोकळं सोडलं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फ्लास्क एकटा येत नाही, त्याच्या मागनं वर्कझॉइग, जिंजा, मार्कअपसेफ, इट्सडेंजरस, क्लिक अशी दुसऱ्या पॅकेजांची मंडळी येतात, आणि पोरं रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, फक्त फ्लास्कचा आकडा लिहून मोकळी होतात. फ्लास्क 2.2.2 ची अट एवढीच आहे की वर्कझॉइग 2.2.2 किंवा त्याच्या वरचं पाहिजे. वर म्हणजे कुठपर्यंत, ते कुणीच सांगितलेलं नाही. 30 सप्टेंबर 2023 ला वर्कझॉइग 3.0 आलं, त्यात यूआरएल-कोट नावाचं फंक्शन काढून टाकलं होतं, आणि फ्लास्क 2.2 सुरू होतानाच ते फंक्शन मागतो.

त्याच दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत्याचं पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) काढायचं ॲप दोन नव्या पोरांनी केलं होतं, बरेच महिने नीट चाललेलं. पाडव्याला गुळाचे सौदे निघणार, गर्दी वाढणार म्हणून मोठा सर्व्हर घेतला, त्यावर तेच कोड टाकलं, पिपनं (पायथनची पॅकेजं उतरवून टाकणारं टूल) सगळं इन्स्टॉल केलं आणि ॲप उठेचना. मालक म्हणत होते, "अहो कालपर्यंत चालत होतं की!" आणि पोरगा रडकुंडीला येऊन सांगत होता, "दादा, कोडला हातबी लावलेला नाही." खरंच नव्हता लावला. जुन्या सर्व्हरवर वर्कझॉइग 2.2 होतं, नव्यावर पिपनं 3.0 आणलं, कारण त्याला कुणी अडवलंच नव्हतं.

चूक एवढ्यावर थांबली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण घाईत त्यानं नेटवरून एक कमांड उचलली आणि सगळंच अपग्रेड केलं. मग फ्लास्क 3 आला, आणि ॲपमध्ये बिफोर-फर्स्ट-रिक्वेस्ट (पहिल्या रिक्वेस्टच्या आधी फंक्शन चालवायची सोय) वापरलेलं, ते तर फ्लास्क 2.3 मध्येच काढून टाकलंय. म्हणजे एक एरर घालवायला गेला आणि दुसरा घेऊन आला, तो घालवायला कोड बदलायला बसला, तेही थेट सर्व्हरवर. मी पोचलो तेव्हा आधी त्याला कीबोर्डवरनं हात काढायला लावला. जुना सर्व्हर अजून बंद केला नव्हता हे नशीब. त्याच्यावर पिप फ्रीझ (इन्स्टॉल असलेल्या पॅकेजांची आकड्यांसकट यादी देणारी कमांड) मारून नेमके आकडे घेतले, नव्यावर व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (त्या ॲपपुरता पॅकेजांचा वेगळा कप्पा) पुसून परत बनवलं, तीच यादी टाकली, ॲप उठलं.

माझी सवय सांगतो. दोन फाइली ठेवायच्या. एकीत आपण स्वतः मागितलेल्या गोष्टी, हातानं लिहिलेल्या, पाच-सात ओळी. दुसरी लॉक फाइल, पिप-कंपाइल किंवा यूव्ही या टूलनं तयार केलेली, तिच्यात प्रत्येक पॅकेजचा नेमका आकडा, आपण कधी नाव न ऐकलेल्या पॅकेजचासुद्धा. सर्व्हरवर फक्त दुसरीच जाते. उद्यमनगरात फाउंड्रीवाले कास्टिंगचा पॅटर्न कपाटात जपतात ना, तशी ही लॉक फाइल जपायची आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) टाकायची. अपग्रेड करायचंच असेल तर सवडीनं, एकेक पॅकेज, टेस्ट चालवून. गिऱ्हाईकाच्या सर्व्हरवर अपग्रेड करणं मला अजिबात मान्य नाही.

नुसतं पिप फ्रीझ करून अख्खं मशीन फाइलीत ओतणं हा वरच्या चुकीवर उपाय नाही. विंडोजवर असं केलं की पायविन32 हे फक्त विंडोजचं पॅकेज यादीत येऊ शकतं, लिनक्ससाठी ते मिळतच नाही, आणि इन्स्टॉल अर्ध्यात तुटतं.

पिपला न दिसणाऱ्या गोष्टी

आता अडत्याकडचंच पुढचं. ॲप उठलं, पहिली पट्टी काढली, आणि पीडीएफवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन, रक्कम हे आकडे इंग्रजी होते म्हणून दिसत होते, बाकी हमाली, तोलाई, गावाचं नाव सगळे चौकोनच. कारण साधं आहे, नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता. जुन्यावर कुणीतरी कधीतरी टाकलेला आणि कुठंही लिहून ठेवलेला नाही.

पीडीएफ वीझीप्रिंट या लायब्ररीनं होत होती. ही लायब्ररी पिपनं येते, पण अक्षरं मांडायला तिला पँगो लागतं, ते सिस्टिमचं आहे, एपीटीनं (डेबियन-उबुंटू लिनक्सचं इन्स्टॉल करायचं टूल) टाकायचं. पँगो नसलं तर निदान एरर येतो. फॉन्ट नसला तर एररसुद्धा नाही, सर्व्हर म्हणतो काम झालं, आणि हातात चौकोन. पोरगा म्हणाला, नावं इंग्रजीत टाकूया का? नाही टाकायची. ती पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाते, त्याचं नाव, त्याचं गाव त्याला वाचता आलंच पाहिजे, हे कामाचं मूळ आहे. दुसरा शॉर्टकट सुचवला, रिपोर्टलॅब या दुसऱ्या पीडीएफ लायब्ररीला थेट फॉन्ट देऊया. तेही करून बघितलेले लोक मला माहीत आहेत, जादा काही सोय न करता नुसता फॉन्ट दिला तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. पँगोच्या आत हार्फबझ आहे, ते जोडणी नीट करतं.

डेबियन-उबुंटूवर नोटो किंवा लोहितचं पॅकेज टाका, मग एफसी-लिस्टला (फॉन्टची यादी देणारी कमांड) मराठी भाषेचे फॉन्ट विचारा. यादी रिकामी आली तर पुढं जाऊ नका. आणि एपीटीनं जे जे टाकलं ते त्याच वेळी डॉकरफाइलमध्ये (सर्व्हरवर काय काय टाकायचं ते लिहायची फाइल) नाहीतर साध्या स्क्रिप्टमध्ये लिहा, नंतर लिहितो म्हणणाऱ्यानं लिहिलेलं मी अजून बघितलेलं नाही. पोस्टग्रेस डेटाबेसचंही तसंच, त्याला पायथनशी जोडणारं सायकॉपजी-टू सोर्समधून बिल्ड होत असेल तर लिबपीक्यूच्या (पोस्टग्रेसची लायब्ररी) आणि पायथनच्या डेव्ह फाइली आणि जीसीसी कंपायलर लागतं. एररमध्ये पीजी-कॉन्फिग सापडलं नाही असं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण पोरं शेवटची लाल ओळ वाचतात आणि वर बघत नाहीत.

व्हील बांधली, टेम्प्लेट राहिले

ॲप व्हील नावाच्या पॅकेज फाइलीत बांधून दिलं की टेम्प्लेट-नॉट-फाउंड, म्हणजे पानाची एचटीएमएल फाइल सापडली नाही, असा एरर येतो. सेटअपटूल्स हे पॅकेज बांधणारं टूल पायथनच्या फाइली घेतं, एचटीएमएल आणि सीएसएस सांगितल्याशिवाय घेईलच असं नाही, ते मॅनिफेस्टमध्ये किंवा पॅकेज-डेटामध्ये लिहावं लागतं. आपल्या मशीनवर एडिटेबल इन्स्टॉल असतं म्हणून ते थेट फोल्डरमधनं वाचतं आणि सगळं बरोबर वाटतं. व्हील म्हणजे झिप फाइलच असते. मी दरवेळी उघडून आत बघतो, मग रिकाम्या एन्व्हायरन्मेंटमध्ये, दुसऱ्याच फोल्डरमधनं इन्स्टॉल करून चालवतो. हे न करता फाइल पाठवू नका.

बारीक पण नडणाऱ्या

फ्लास्कचा स्वतःचा सर्व्हर गिऱ्हाईकाला देऊ नका, तो सुरू होतानाच सांगतो की मी डेव्हलपमेंटसाठी आहे. डीबग चालू ठेवून तर नाहीच नाही, त्या पानावरून ब्राउझरमध्ये पायथन चालवता येतं, मध्ये फक्त एक पिन असतो.

त्याऐवजी वापरायचा गनिकॉर्न सर्व्हर विंडोजवर चालत नाही, तिथं वेट्रेस घ्या.

सीक्रेट की (फ्लास्क सेशनवर सही करायला वापरतो ती गुप्त किल्ली) गिटमध्ये गेली असेल तर ती बदला, नुसती फाइल काढून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते.

सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, असतं. यार्डात पहाटे काम सुरू होतं, आणि साडेपाचच्या आधी काढलेल्या पट्टीवर कालची तारीख पडते. वेळ यूटीसीतच साठवा, छापताना एशिया-कोलकाता करा.

पिपचा ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा ऑप्शन नाव वाचूनच सोडून द्यायचा. डेबियन 12 पिपला अडवतं कारण सिस्टिमच्या पायथनवर ओएसची स्वतःची कामं चालतात. व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट बनवायला एक ओळ लागते, तेवढीही घाई असेल तर डिप्लॉय दुसऱ्या दिवशी करा.

जुन्यावरच नवीन लिहिणं

चालू फोल्डरमध्ये गिट पुल आणि पिप इन्स्टॉल एकत्र करायची सवय मोडा. मी प्रत्येक रिलीजला नवीन फोल्डर करतो, त्याचं स्वतःचं एन्व्हायरन्मेंट, आणि करंट नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडं बोट दाखवणारी लिंक) तिकडं वळवून सर्व्हिस रीस्टार्ट करतो. बिघडलं तर लिंक मागच्या फोल्डरवर, परत रीस्टार्ट, आणि मग निवांत लॉग वाचायचा. डेटाबेस मायग्रेशन (टेबलांच्या रचनेत बदल) असेल तर त्याआधी पोस्टग्रेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, घ्या, आणि तो डंप दुसऱ्या मशीनवर उघडतो का तेही बघून घ्या.