जीटीकेच्या टेक्स्टव्ह्यूत मजकूर बदलताना शेवटची ओळ दिसत राहावी म्हणून

जीटीके म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या, बटणं वगैरे बनवायची लायब्ररी. तिचा टेक्स्टव्ह्यू मजकूर फक्त दाखवतो. मजकूर असतो टेक्स्टबफरमध्ये. व्ह्यूकडून बफर मागून घ्या आणि बदल तिथेच करा. सगळा मजकूर बदलायचा तर ‘सेट टेक्स्ट’, भर घालायची तर शेवटचा इटर (बफरमधली जागा दाखवणारी तात्पुरती खूण) घेऊन ‘इन्सर्ट’.

सी भाषा वापरत असाल तर या दोन्ही फंक्शनांना मजकुराच्या लांबीच्या जागी उणे एक द्या, म्हणजे सगळा मजकूर. ही लांबी बाइटांत मोजतात. ‘मराठी’त युनिकोडची 5 चिन्हं, पण यूटीएफ-8 मध्ये 15 बाइट. तुम्ही 5 दिलेत की ‘र’ मधोमध तुटतो, जुना मजकूर पुसला जातो आणि नवा येतच नाही.

खरी डोकेदुखी पुढे आहे. लॉगची (प्रोग्रॅमच्या नोंदींची) खिडकी करताना मी प्रत्येक ओळ घातल्यावर ‘स्क्रोल टू इटर’ बोलवत होतो आणि नवी ओळ दर वेळी तळाखाली दडून बसायची. दोन दिवस मी माझ्याच इटरवर संशय घेतला. कारण वेगळंच होतं: ओळींची उंची जीटीके लगेच मोजत नाही, रिकामा वेळ मिळाला की मोजतं. तोवर ‘स्क्रोल टू इटर’ जुन्याच मापावर चालतं.

यावर अर्धा सेकंद थांबायचा सल्ला सर्रास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. तेवढा वेळ खिडकी गोठते, आणि मुख्य लूपच (जीटीकेची सगळी कामं एकामागून एक उरकणारं चक्र) अडवून धरल्यावर उंची मोजायला फुरसत मिळणार कुठून? त्याऐवजी सुरुवातीलाच बफरच्या शेवटी एक मार्क (बफरमधली कायमची खूण) तयार करा, त्याची ‘लेफ्ट ग्रॅव्हिटी’ ‘फॉल्स’ ठेवा. मग कितीही मजकूर घाला, मार्क त्याच्या पुढे सरकत शेवटीच राहतो. प्रत्येक भरीनंतर ‘स्क्रोल टू मार्क’ बोलवा. उंची मोजून होईपर्यंत ते स्वतः थांबतं. इटर मात्र साठवून ठेवू नका, बफर बदलला की तो बाद होतो. मार्क टिकतो, अगदी सगळा मजकूर पुसला तरी.

वाचणारा माणूस मागचं बघायला वर गेला असेल तर त्याला खाली ओढू नका. भर घालण्याआधी स्क्रोलबार तळाशी आहे का ते तपासा, असेल तरच सरकवा.

मजकूर दुसऱ्या थ्रेडमधून (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागातून) येत असेल तर तिथून बफरला हात लावायचा नाही, कधीच नाही. आज चालेल, उद्या प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळेल. ‘आयडल अ‍ॅड’ने काम मुख्य लूपकडे द्या आणि कॉलबॅकमधून (तुम्ही दिलेल्या त्या फंक्शनमधून) ‘फॉल्स’ परत करा, नाहीतर तीच ओळ पुन्हा पुन्हा उमटत राहील.