हार्डवुडचे कटपीस स्वस्तात कसे मिळवायचे

आधी हे ठरवा की तुम्हाला बनवायचंय काय. लाकडी पेनसाठी हार्डवुडचा, म्हणजे सागासारख्या रुंद पानांच्या झाडाच्या लाकडाचा, साधारण २० मिमी जाड आणि १३० मिमी लांब तुकडा पुरतो, मुठी, हँडल, छोट्या डब्या यांनाही अख्खी फळी लागत नाही, आणि याच मापाचे तुकडे वर्कशॉपमधून सर्रास जळणात जातात.

मग जायचं कुठे? फर्निचरवाले, दारं-खिडक्या बनवणारे, सॉ मिल, वाद्यं बनवणारे, सगळीकडे विचारा. पण लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, काम करणाऱ्यांनी जिने आणि कठडे बनवणाऱ्यांकडे आधी जावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे जाड चौकोनी तुकडे उरतात आणि ते बहुतेक वेळा आधीच वाळवलेल्या लाकडाचे असतात, म्हणजे महिनोन्‌महिने थांबायला नको. फ्लोअरिंगचे तुकडे मिळाले तर कड नीट बघा, खूपदा वर पातळ थर हार्डवुडचा आणि खाली प्लाय असतो.

"काही लाकूड आहे का" असं मोघम विचारू नका. हातात नमुन्याचा तुकडा धरून "एवढे किंवा याहून मोठे बाजूला ठेवाल का" म्हणा, कामाची घाई नसेल अशा वेळी जा, स्वतःचं पोतं न्या, आणि देतील ते सगळं उचला, तिथेच निवडत बसू नका. त्यांची जागा मोकळी होते, हाच तर त्यांचा फायदा. पुढच्या वेळी त्यांच्याच लाकडाची एखादी वस्तू नेऊन द्या, मग चांगले तुकडे आपोआप तुमच्यासाठी राहतात.

घरी आल्यावर निवड. टोकाकडचा भाग पॉलिशपेपरने घासून थोडा ओला करा, बारीक चिरा लगेच दिसतात. चीर असलेला तुकडा लेथवर अजिबात लावू नका, फिरताना फुटून उडू शकतो, त्याचं फार तर छोटं सपाट काम करा. खिळे मॅग्नेटने शोधा. बारीक भोकं आणि त्यातून पीठ पडत असेल तर कीड आहे, बाकीच्या साठ्यात मिसळू नका. जुना रंग दिलेलं किंवा केमिकल मारलेलं लाकूड सोडून द्या, त्याची धूळ घातक असू शकते. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, एचटी शिक्का म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची, एमबीवालं घेऊ नका.

झाड छाटल्यावरचे ओंडके फुकट मिळतात, पण ओले असतात. लगेच गाभ्यातून उभे चिरा, दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर टोकं आधी वाळून तडकतात. हवेवर वाळायला ढोबळमानाने एक इंच जाडीला एक वर्ष धरतात. वाडगा करायचा तर ओला असतानाच जाड कातून ठेवा, भिंत व्यासाच्या साधारण १० टक्के, अधूनमधून वजन करून तारखेसकट त्यावरच लिहा, वजन उतरायचं थांबलं की शेवटचं कातकाम करा.